चार, तीन, दोन आणि भोपळा

श्रीधरराव मोघ्यांना मोटरसायकल या वस्तूचा मनापासून राग होता, आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलानं पोट भरायला नेमकी तीच वस्तू निवडली होती. बरं, मोटरसायकल तरी धड असावी? तिला ब्रेक नाहीत. पुढे नाहीत, मागे नाहीत, कुठेच नाहीत. गिअर एकच. आणि पळवायची कुठे, तर मातीच्या लंबगोल ट्रॅकवर, चौघांनी एकदम, कायम डावीकडे वळत. चार फेऱ्या, मिनिटभराचा खेळ, की संपलं. स्पीडवे म्हणतात याला. श्रीधरराव त्याला 'ते मातीतलं' म्हणत. कुणी रणजितची चौकशी केली की सांगत, "असेल कुठेतरी मातीत."

माणूस वाईट नव्हता हो. लायडनच्या सायन्स पार्कात प्रथिनांवर संशोधन करण्यात आयुष्य घालवलेला, हुशार, सरळ, पोटात एक आणि ओठावर एक असला प्रकार नसलेला. पण त्याला एक व्याधी होती, पहिल्या नंबराची. शाळेत पहिला, कॉलेजात पहिला, विद्यापीठात पहिला. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं जाणार यावरून एका सहकाऱ्याशी वर्षभर अबोला धरला होता, आणि तोही शेजारच्याच टेबलावर बसून. दुसरा आणि शेवटचा यांत श्रीधररावांना फारसा फरक कधी दिसलाच नाही.

रणजितला हे वेड लागायला खरं तर तेच कारणीभूत, पण तसं तोंडावर सांगायची कुणाची टाप नव्हती. नेदरलंड्समध्ये आल्यावर पहिली काही वर्षं मोघे कुटुंब ग्रोनिंगनजवळच्या एका खेड्यात राहत होतं. श्रीधरराव दिवसभर प्रयोगशाळेत, सुनीतीबाई डच शिकायला वर्गात, मग पोरगं ठेवायचं कुठे? शेजारच्या म्हाताऱ्याकडे. आणि त्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये शर्यतीच्या दोन जुन्या मोटरसायकली. पुढे सगळे अ‍ॅमस्टरडॅमजवळ डीमनला फ्लॅटमध्ये राहायला आले, पण पोराचा जीव त्या शेडमध्येच अडकला. वर्गातली मुलं शनिवारी फुटबॉल खेळत, आणि हा आईला घेऊन गाड्या बदलत बदलत उत्तरेला ड्रेन्टच्या ट्रॅकपर्यंत जाई आणि संध्याकाळी नखशिखांत माखून परत येई. सुनीतीबाई त्याला दारातच उभा करून कपडे उतरवायला लावत. श्रीधरराव वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसत.

मुलाचं काय झालं म्हणाल, तर मुलाचं फार चांगलं झालं. मिशी फुटली तेव्हा देशातल्या ज्युनिअर मुलांत तो पुढे होता. विशीत जर्मनीतल्या एका क्लबनं त्याला उचलला, मग पोलंडची दुसरी डिव्हिजन, मध्ये दोन हंगाम डेन्मार्क. शुक्रवारी एका देशात, रविवारी दुसऱ्या देशात, आणि मधल्या रात्री व्हॅनमध्ये दोन मोटरसायकलींच्या शेजारी गादी टाकून. इंजिन स्वतः उघडायचं, स्वतः लावायचं. हिवाळ्यात झ्वोलच्या एका गॅरेजात काम करून पुढच्या हंगामाचे टायर घ्यायचे. मनगट मोडलं, खांदा निखळला, गळ्याजवळचं हाड दोनदा तुटलं, आणि दर वेळी डॉक्टर म्हणायचे त्याच्या आधी तो परत खोगिरावर. या सगळ्या वर्षांत श्रीधररावांनी त्याची एकसुद्धा शर्यत पाहिली नाही. आईनं सगळ्या पाहिल्या.

गेल्या वर्षी मात्र मांडीचं हाड मोडलं आणि ते प्रकरण लांबलं. हॉस्पिटलात पाय टांगलेल्या अवस्थेत रणजित स्वतः म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी देशाच्या जोडीत निवड झाली तर खेळीन. नाही झाली तर सोडतो. शब्द देतो." श्रीधररावांनी तो शब्द झेलला आणि अगदी जपून ठेवला. त्यांच्या जुन्या मित्राची, विवेक दाभाड्यांची, लायडनमध्ये प्रयोगशाळांची यंत्रं दुरुस्त करून देणारी कंपनी होती. हातात कसब असलेला माणूस त्यांना हवाच होता. पक्की नोकरी, पेन्शन, शनिवार-रविवार सुट्टी. विवेकरावांनी सांगितलं, "मी जागा धरून ठेवतो, पण निवडीच्या दिवशी संध्याकाळी मला हो की नाही ते कळव."

तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो. श्रीधररावांना आपला मुलगा हरायला हवा होता. दुष्टपणानं नाही. पण मांडीत घातलेल्या सळईचा एक्स-रे त्यांनी एकदा दिव्यासमोर धरून पाहिला होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

निवडीची स्पर्धा मे महिन्यात, एमेनच्या पलीकडे एका खेड्यातल्या ट्रॅकवर होती. आणि नेमकं त्याच महिन्यात सुनीतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"तुम्ही जायचं," त्या म्हणाल्या.

"मी तिथे काय करू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कोण सांगतंय? घरचं माणूस दिसलं पाहिजे त्याला. आणि हा डबा घेऊन जा. शर्यती झाल्या की सगळ्यांना द्या, मी दर वर्षी देते." ऑपरेशन झालेला पाय स्टुलावर ठेवून बाईंनी बेसनाचे लाडू वळले होते. आता या बाईपुढे कोण काय बोलणार? श्रीधररावांनी डबा पिशवीत घातला आणि सकाळच्या गाडीनं झ्वोल गाठलं.

स्टेशनावर सून घ्यायला आली होती. अवनी मूळची नाशिकची, डेल्फ्टला शिकायला आली आणि इथलीच झाली. कंपन्यांना सॉफ्टवेअर करून देते आणि सुट्टीच्या दिवशी नवऱ्याच्या टायरची हवा मोजते. गाडीत तिनं सासऱ्यांना खेळ समजावून सांगायला सुरुवात केली. दोघांची एक जोडी, एका शर्यतीत दोन जोड्या. रणजितच्या डोक्यावर लाल हेल्मेट, त्याचा जोडीदार सिपके नावाचा फ्रीसलंडचा तरणा खेळाडू, त्याचं निळं. "आणि गुण कसे असतात बाबा, ते नीट ऐका..."

"अगं, त्यात ऐकायचं काय? जो पहिला येतो तो जिंकतो. त्यासाठी काय पीएचडी लागते?" श्रीधरराव खिडकीबाहेर बटाट्याची शेतं बघत म्हणाले. अवनीनं गुणांचा विषय तिथेच सोडला. ती शहाणी होती.

ट्रॅकवर पोचले तर जत्रेसारखी गर्दी. तळलेल्या बटाट्यांचा वास, कॉफीचे थर्मास, घडीच्या खुर्च्या, आणि या सगळ्यावर त्या इंजिनांच्या इंधनाचा गोडसर उग्र दर्प. अवनीनं त्यांना लाकडी बाकावर जागा धरून दिली. शेजारी लोकरीची टोपी घातलेली एक डच आजी बसली होती. हे रणजितचे वडील आहेत म्हटल्यावर तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"रान्यितचे वडील," ती म्हणाली. इथे सगळे त्याला रान्यितच म्हणत. "तुम्ही तेव्हा होतात का, पावसात साखळी तुटली आणि त्यानं मोटरसायकल ढकलत शेवटची फेरी पूर्ण केली?"

"नाही," श्रीधरराव म्हणाले.

"आणि तो जर्मन मुलगा त्याच्यापुढे पडला तेव्हा? त्याला वाचवायला हा सरळ कुंपणात गेला. तेव्हाच खांदा निखळला ना त्याचा?"

श्रीधररावांना घरी सांगितलं होतं की रणजित घसरून पडला. आजी बोलत राहिली. तिला त्यांच्या मुलाचा प्रत्येक हंगाम तोंडपाठ होता, आणि बापाला मात्र नव्या कोऱ्या गोष्टी ऐकल्यासारखं वाटत होतं. त्यांना जरा लाज वाटली आणि लाज वाटली की ते चिडत, म्हणून ते चिडले.

तेवढ्यात पहिली शर्यत लागली. चौघे सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या फितीपुढे येऊन उभे राहिले. रणजितनं बुटाच्या टाचेनं मागच्या चाकाखालची माती उकरून सारखी केली, शांतपणे, घरातला कोपरा झाडावा तशी. त्याच्या डाव्या पायात बुटावर पोलादी तळवा चढवलेला होता, वळणावर तो जमिनीला टेकवायचा असतो. फीत वर उडाली आणि कानठळ्या बसवणारा आवाज झाला.

श्रीधररावांना वाटलं होतं मोटरसायकली वळणावर वळतील. त्या वळल्या नाहीत, आडव्या झाल्या. मागचं चाक बाहेर फेकलं गेलं, पुढचं चाक उलट्या बाजूला, आणि त्या अवस्थेत लाल हेल्मेट सगळ्यांच्या पुढे, कुंपणापासून हातभर अंतरावरून सुसाटत निघालं. पडणार, आता पडणार, असं म्हणेपर्यंत ते सरळ झालं आणि पुढच्या वळणाकडे गेलं. हे बेफिकीर पोरट्याचं काम नव्हतं. इतक्या लांबूनही कळत होतं की तो माणूस प्रत्येक वळण आधी मनात घेत होता आणि मग चाकाखाली. श्रीधररावांनी आयुष्यभर नेमकेपणाची पूजा केली होती, आणि नेमकेपणा समोर आला की त्यांना तो ओळखता येत असे. ओळखला त्यांनी. तोंडानं कबूल केलं नाही, एवढंच.

रणजित पहिला आला. भरपूर अंतरानं पहिला आला.

आता पहिला नंबर म्हटल्यावर मोघ्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. हा मुलगा हरावा म्हणून आलेला माणूस ताडकन उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, पिशवीतून डबा काढला आणि बाकावरच्या सगळ्या डच मंडळींना लाडू वाटत सुटला. "माझा मुलगा. पहिला आला. घ्या, घ्या." लोकांनी लाडू घेतले, पण चेहरे पडलेले. कुणी टाळी वाजवत नव्हतं. आजीनं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला, त्यांच्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, "हरकत नाही. अजून पुष्कळ शर्यती आहेत."

"हरकत कसली? पहिला आला ना तो?"

आजीनं समोरच्या फलकाकडे बोट केलं. रणजित-सिपके चार. समोरची जोडी पाच.

श्रीधरराव डबा हातात धरून तसेच उभे. अवनी धावत आली आणि तिनं त्यांना हळूच खाली बसवलं. "बाबा, हेच सांगत होते मी गाडीत. पहिल्याला चार, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, आणि शेवटच्याला भोपळा. रणजित पहिला आला, सिपके शेवटचा. चार अधिक भोपळा, चार. त्यांचे दोघे दुसरे-तिसरे. तीन आणि दोन, पाच. आपण हरलो."

"म्हणजे पहिला येऊनही हरला?"

"एकटा पहिला आला म्हणून हरला."

"असला कसला खेळ हा," श्रीधरराव म्हणाले. त्यांना खरोखर अपमान झाल्यासारखं वाटत होतं. "पहिल्या नंबराला काही किंमतच नाही? कुणी बनवला हा नियम?"

"ज्यांना एकेकटे हिरो नको होते त्यांनी बनवला असेल," अवनी म्हणाली आणि उरलेले लाडू झाकून ठेवले.

मधल्या वेळात तिनं त्यांना आत, खेळाडूंच्या आवारात नेलं. श्रीधररावांना वाटलं, रणजित त्या सिपकेला फैलावर घेत असेल. त्यांनी स्वतः घेतलं असतं. प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या पोरानं असा घोळ घातला असता तर त्यांनी त्याची भर बैठकीत सालटी काढली असती. रणजित सिपकेच्या मोटरसायकलशी एक गुडघा टेकून बसला होता. दुखरा पाय बाजूला लांब करून, हातात पाना घेऊन, तो त्याचं मागचं दातेरी चाक बदलत होता. बदलायला स्वतःच्या पेटीतलं काढलं होतं, हे अवनीनं सांगितलं तेव्हा श्रीधररावांनी कपाळाला हात लावला.

"तुझ्याकडचं दिलंस? आणि तुझं बिघडलं तर?"

रणजितनं वर पाहिलं. वडिलांना आवारात उभं बघून त्याचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला. "बाबा. आलात?" मग पुन्हा कामाकडे वळून म्हणाला, "माझं बिघडलं तर बघू. हा स्टार्टला जड जातो, याला हलकं लागतं. मी एकटा जाऊन काय करू?" घरात शिकलेलं त्याचं मराठी असंच होतं, सरळ, लांबलचक वाक्यं नसलेलं. सिपके शेजारी मान खाली घालून उभा होता. रणजितनं त्याला डचमध्ये काहीतरी सांगितलं, हातानं वळण दाखवलं, आतल्या बाजूची ओली रेघ दाखवली, आणि पाठीवर एक धपका घातला. सिपकेची मान वर आली.

श्रीधरराव बाकावर परतले. वाटेत त्यांच्या मनात एक हिशेब चालला होता आणि तो त्यांना नकोसा होत होता. हा मुलगा कधी एकटा पुढे जायला निघालाच नव्हता का? की आपणच कधी मागे वळून पाहिलं नाही?

पुढच्या शर्यतींत ती जोडी सुधारत गेली. एकदा पहिला-तिसरा, एकदा दुसरा-तिसरा, एकदा चक्क पहिला-दुसरा. श्रीधररावांना आता गुण पटापट जमायला लागले होते. शर्यत संपायच्या आत ते आजीला बेरीज सांगत आणि आजी मान हलवत असे. मध्येच खिशातला फोन थरथरला. विवेकरावांचा निरोप होता, संध्याकाळी फोन करतो म्हणून. श्रीधररावांना एकदम आठवलं की आपल्याला मुलगा हरायला हवा आहे. त्यांनी फोन खिशात टाकला.

शेवटची शर्यत उरली. समोर ग्रोनिंगनचे दोन सख्खे भाऊ, पांढरं आणि पिवळं हेल्मेट, दिवसभरात कुणाला न हरलेले. जी जोडी ही शर्यत जिंकेल ती देशासाठी खेळणार. दुसरी जोडी घरी जाणार. श्रीधररावांना घरी म्हणजे कुठे ते माहीत होतं. लायडन, सोमवारपासून.

फीत उडाली. रणजित सुटला तो असा सुटला की पहिल्या वळणाला त्याच्या पुढे फक्त ट्रॅक होता. सुरेख, स्वच्छ, एकट्याचा पहिला नंबर. आणि सिपकेचं चाक जागेवरच गरगरलं. तो सगळ्यांच्या मागे, मातीच्या धुरळ्यात.

"चार अधिक भोपळा," आजी पुटपुटली.

श्रीधररावांना बेरीज सांगायची गरज नव्हती. पहिली फेरी संपली. लाल, पांढरा, पिवळा, आणि खूप मागे निळा. अशीच संपली तर रणजित दिमाखात पहिला येईल, निवड होणार नाही, शब्द दिलाय तसा तो हे सगळं सोडेल, मांडीतली सळई सुखरूप राहील, विवेकराव खूश, आणि वर पहिला नंबर. माणसाला आणखी काय हवं? श्रीधररावांना आयुष्यभर जे जे हवं होतं ते सगळं त्या लाल हेल्मेटबरोबर पुढे धावत होतं.

सरळ रेषेत रणजितनं मान वळवून मागे पाहिलं.

आणि श्रीधररावांच्या लक्षात आलं की तो काय करणार आहे. बाकीच्यांच्या आधी लक्षात आलं, कारण दुपारी गुडघा टेकून बसलेला रणजित त्यांनी पाहिला होता. ब्रेक नसलेल्या गाडीवर पुढे असताना मागे यायचं म्हणजे काय, तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात ढिला सोडायचा, वेग मरू द्यायचा आणि मागून येणारी दोन धूडं आपल्या अंगावर घ्यायची. त्याच मोडक्या मांडीवर. श्रीधरराव उभे राहिले. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो त्यांनाच अनोळखी होता.

"मागे ये, रणजित. मागे ये."

आयुष्यभर ज्यानं 'पुढे जा' एवढंच सांगितलं तो माणूस भरल्या स्टँडवर मराठीत ओरडत होता, मागे ये. इंजिनांच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? रणजितला तर नाहीच. तो आपला आपणच आला. दुसऱ्या फेरीच्या वळणावर त्यानं आतली सुरक्षित रेघ सोडली, हात ढिला केला, आणि मोटरसायकल आडवी घालून बाहेरच्या कुंपणाकडे सरकत गेला, अगदी सावकाश. भावांना वाट उरली नाही. ते त्याच्यामागून बाहेर ओढले गेले, त्याच्या चाकाची माती खात. पांढरं हेल्मेट चिडलं, वाट काढून घासत पुढे निघून गेलं. जाऊ दिलं त्यानं. पण पिवळ्याला मात्र त्यानं कुंपणाशी असं अडकवून ठेवलं की आतली बाजू सताड उघडी पडली, आणि त्या उघड्या बाजूनं, ओल्या रेघेवरून, निळं हेल्मेट आलं.

सिपके दोघांनाही ओलांडून दुसरा झाला. आता पिवळ्याला मागे ठेवायचं, बस्स. उरलेल्या दोन फेऱ्या रणजित त्या माणसाच्या पुढे नुसता उभ्या भिंतीसारखा राहिला. पिवळा आतून आला की हा आत, बाहेरून आला की हा बाहेर. समोरच्या दोघांची माती सगळी याच्या तोंडावर. एका वळणावर पिवळ्याचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं, मोटरसायकल थरारली, उजवा पाय हवेत गेला, आणि श्रीधररावांनी आजीचा हात घट्ट धरला. पाय परत आला. मोटरसायकल सरळ झाली. चौघांनी रेषा ओलांडली.

पांढरा, निळा, लाल, पिवळा.

"तीन आणि दोन पाच," श्रीधरराव म्हणाले. "त्यांचे चार. अहो, पाच." आजी त्यांचा हात हलवत होती आणि दोघंही रडत होते, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

आवारात पोचेपर्यंत गर्दी झाली होती. लोकांनी सिपकेला खांद्यावर घेतलं होतं. रणजित बाजूला उलट्या घातलेल्या क्रेटवर बसला होता, पाय लांब केलेला, चेहऱ्यावर गॉगलच्या जागी दोन गोरे गोल आणि बाकी सगळी माती. अवनी त्याच्या मांडीला बर्फाची पिशवी लावत होती.

श्रीधरराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. बोलायचं खूप ठरवलं होतं. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच.

"रणजित, मी आज तू हरावास म्हणून आलो होतो."

"माहितीये," रणजित म्हणाला. "आईनं सांगितलं फोनवर. मी म्हटलं, कशासाठी का असेना, येतायत ना?"

श्रीधररावांनी खिशातून रुमाल काढला. वाकले आणि पोराच्या तोंडावरची माती पुसायला लागले, कपाळावरची, कानामागची, हनुवटीखालची. लहानपणी हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते धड जमत नव्हतं. माती नुसतीच पसरत होती. रणजित डोळे मिटून बसून राहिला. इतका मोठा बाप्या, पण त्यानं पुसू दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. विवेकराव. श्रीधररावांनी एका हातात रुमाल तसाच ठेवून फोन कानाला लावला.

"काय श्रीधर, सोमवारी येतोय ना चिरंजीव?"

"नाही रे. नाही येत. तू दुसरा माणूस बघ."

"अरे वा. म्हणजे जिंकला की काय? पहिला आला?"

"नाही," श्रीधरराव म्हणाले. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि आवारातल्या सगळ्या मराठी न कळणाऱ्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तिसरा आला."

"अरेरे," पलीकडून विवेकराव म्हणाले.

"अरेरे काय? मुद्दाम आला."